गॅसच्या वीजकेंद्राला कार्बन कॅप्चर: उपाय की पळवाट?

बॉयलरवाला
गॅसचं नवं केंद्र उभारायचंच असेल तर कार्बन कॅप्चरशिवाय, म्हणजे धुरातला कार्बन डायऑक्साइड पकडून जमिनीखाली पुरण्याच्या यंत्रणेशिवाय, परवानगी देऊ नये, असं माझं स्पष्ट मत. 'तंत्र सिद्ध झालेलं नाही' हे रडगाणं आता पुरे. अमेरिकेत बेलिंगहॅमला १९९१ ते २००५ गॅस टर्बाइनच्या धुरातून रोज तीनशेवर टन कार्बन डायऑक्साइड काढत होते.

उलटतपासणी
काढत होते, आणि विकत होते खाद्यपेय उद्योगाला! सोड्याची बाटली उघडली की परत हवेत. शिवाय तो धूर केंद्राच्या एका हिश्श्याचाच.

खरी मेख वेगळी आहे. कोळशाच्या धुरात कार्बन डायऑक्साइड १२-१४ टक्के, गॅसच्या धुरात जेमतेम ४. एवढ्याशासाठी अवाढव्य मनोऱ्यांतून धूर ढकलायचा. त्यातला ऑक्सिजन कार्बन डायऑक्साइड शोषणारं अमाइन या रसायनाचं द्रावण नासवतो ते वेगळंच. मग शोषलेला वायू सोडवायला द्रावण १२० अंशांच्या आसपास तापवा. त्यासाठीची वाफ कुठून? टर्बाइनच्या तोंडचा घास काढून. म्हणजे तेवढाच गॅस जाळून वीज कमी.

बॉयलरवाला
वीज घटते, मान्य. पण थोडा धूर पुन्हा टर्बाइनला हवा दाबून पुरवणाऱ्या कॉम्प्रेसरकडे वळवला की कार्बन डायऑक्साइडचं प्रमाण वाढतं, ऑक्सिजन घटतो. आणि पुरण्याचं म्हणाल तर नॉर्वेच्या स्लाइपनर या समुद्रातल्या वायुक्षेत्रात १९९६पासून समुद्रतळाखाली साठवताहेत. ब्रिटनमध्ये टीसाइडच्या ७४२ मेगावॉटच्या केंद्राला डिसेंबर २०२४मध्ये हिरवा कंदील मिळाला. वर्षाला २० लाख टनांपर्यंत वायू पकडायचा बेत आहे.

रानवारा
बेतच ना? स्कॉटलंडमधल्या पीटरहेडच्या गॅसकेंद्राचाही होता, २०१५मध्ये ब्रिटिश सरकारनं निधी काढून घेतला आणि विषय संपला.

दोघंही चिमणीपाशीच अडकलात. विहिरीपासून पाइपलाइनपर्यंत गळणाऱ्या मिथेनचं काय? २० वर्षांच्या हिशेबात तो कार्बन डायऑक्साइडच्या ८० पट तापदायक.

आणि केंद्र चालणार किती तास? वारा पडला, ऊन गेलं की गॅस पेटवायचा, हीच त्याची उरलेली भूमिका. टर्बाइन झटकन सुरू होतं, पण द्रावण तापेपर्यंत पकड ढिलीच. उरलेला वेळ एवढी महागडी यंत्रणा नुसती उभी.

बॉयलरवाला
म्हणूनच टीसाइडला विजेबरोबर 'तयार राहण्याचे' पैसेही मिळणार आहेत. बॅटऱ्या आठवडाभराची शांत हवा निभावतील का, ते सांगा.

उलटतपासणी
तयार राहण्याचे पैसे! म्हणजे केंद्र बंद असलं तरी बिल ग्राहकाच्या माथी. हे आधी सांगायचं होतंत.