1939 चं आयोवा ही एकट्या किनिकची टीम? साफ चूक

सीडररॅपिड्सकर
काल 'तटस्थ' यांनी लिहिलं की 1939 ची आयोवाची अमेरिकन फुटबॉलची कॉलेज टीम उगाच डोक्यावर घेतात, सगळा खेळ एकट्या नाइल किनिकचा, समोर लिंबूटिंबू टीम्स, आणि पुढे तो युद्धकाळात मरण पावला म्हणून त्याला देव्हाऱ्यात बसवला. हे वाचून डोकं फिरलं म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आदल्या दोन सीझनमध्ये मिळून आयोवा फक्त दोन मॅच जिंकलं होतं. 1937 ला 1-7 (एक जिंकली, सात हरल्या), 1938 ला 1-6-1 (शेवटचा आकडा बरोबरीचा). अशा ठिकाणी एडी अँडरसन कोच म्हणून आले आणि पहिल्याच वर्षी 6-1-1. पोरं इतकी कमी की तीच ऑफेन्सला, तीच डिफेन्सला, कित्येक जण पूर्ण 60 मिनिटं मैदानात. त्यात नियम असा की एकदा बाहेर गेलास की त्या क्वार्टरमध्ये परत यायचं नाही. 'आयर्नमेन' हे नाव फुकट नाही पडलं.

आणि एकट्याची टीम म्हणे! पर्ड्यूची मॅच 4-0 ने जिंकली. चार-शून्य! दोन सेफ्टी (समोरच्याला त्याच्याच गोलमध्ये अडकवलं की 2 पॉइंट), माइक एनिकने त्यांचे पंट, म्हणजे पायाने लांब मारलेले बॉल, अडवले म्हणून. किनिकचा एक पॉइंट नाही त्यात. मिनेसोटाविरुद्ध चौथ्या क्वार्टरला 0-9 ने मागे होते, तिथून 13-9. पास किनिकचे, पण ते पकडून टचडाऊन (बॉल गोललाइनपार नेणं, 6 पॉइंट) करणारे कॅप्टन अर्विन प्रासी आणि बिल ग्रीन होते ना? समोरून कोणी पकडायलाच नसतं तर पास फेकून काय उपयोग होता?

युद्धाचं म्हणाल तर 1939 संपेपर्यंतच किनिकला हाइझमन, म्हणजे कॉलेज फुटबॉलमधल्या सर्वोत्तम खेळाडूची ट्रॉफी, मिळाली होती आणि एपी वृत्तसंस्थेच्या वर्षातल्या सर्वोत्तम खेळाडूच्या मानात त्याने बेसबॉलचा जो डिमॅजिओ आणि बॉक्सर जो लुइस यांना मागे टाकलं होतं. तो गेला 2 जून 1943 ला. स्टेडियमला त्याचं नाव दिलं 1972 मध्ये. देव्हाऱ्यात बसवायची एवढी घाई असती तर 29 वर्षं थांबले असते का?

तटस्थ
भावना पोचल्या, आता आकडे बघा. आयोवाने त्या सीझनला 130 पॉइंट केले, त्यातल्या 107 मध्ये किनिकचा हात. नॉर्थवेस्टर्नविरुद्ध त्याचा खांदा गेला, तो बाहेर बसला आणि मॅच 7-7 बरोबरीत सुटली. ती जिंकली असती तर बिग टेनमध्ये, म्हणजे आयोवाच्या कॉलेज लीगमध्ये, 5-1 होऊन पहिल्या आलेल्या ओहायो स्टेटच्या बरोबरीला आले असते. मग सांगा, बाकीचे आयर्नमेन त्या दिवशी कुठे होते?

मिनेसोटा म्हणून ज्याचं कौतुक करताय ती 1934 ते 36 ची चॅम्पियन टीम नव्हे, 1939 ला ते 3-4-1 होते. विस्कॉन्सिन 1-6-1. ओहायो स्टेटशी मॅचच नाही. आणि खरी तगडी टीम समोर आली, मिशिगन, तेव्हा 27-7. ते 27 च्या 27 पॉइंट टॉम हार्मनचे.

सीडररॅपिड्सकर
नोत्र देम सोयीस्कर विसरलात. देशात तिसऱ्या नंबरवर, तोवर एकही मॅच न हरलेली. 7-6 ने जिंकलो. टचडाऊनही किनिकचा, टचडाऊननंतरच्या किकचा जादा पॉइंटही त्याचाच, ड्रॉपकिकने, म्हणजे बॉल जमिनीवर टाकायचा आणि उसळता उसळता मारायचा, आज कोणाला जमतं का बघा. तेवढ्या एका पॉइंटवर मॅच. आमच्या शेजारच्या आजोबांचे वडील त्या मॅचला होते, आजोबा अजून ते सांगताना खुर्चीतून उठतात.

गुडघा_गेलेला_रेडर
मला त्या 60 मिनिटांच्या कौतुकाचाच राग येतो. अँडरसन स्वतः डॉक्टर होते ना? एमडी माणूस, आणि पोरांना चामड्याचं हेल्मेट घालून, तोंडापुढे जाळी नाही काही नाही, तासभर आपटू द्यायचं? मी कॉलेजला कबड्डी खेळायचो, सेमीफायनलला गुडघ्यातून कट्‌ असा आवाज आला, सर म्हणाले क्रेप बँडेज बांध आणि चढाईला जा, आपल्याकडे दुसरा रेडर नाही. गेलो. दोन पॉइंटही आणले, टाळ्या पडल्या. आज मला मांडी घालून जेवायला बसता येत नाही आणि त्या टाळ्या वाजवणाऱ्यांपैकी एकानेही नंतर विचारलं नाही. पोरं कमी आहेत हा कॉलेजचा प्रॉब्लेम, त्याला शौर्य म्हणू नका.

सीडररॅपिड्सकर
तुमच्या गुडघ्याचं वाईट वाटलं, मनापासून. पण तेव्हा सगळ्याच टीम्स तशा खेळायच्या, नियमच तसा होता. 1941 ला तो सैल केला.

वेस्टवुडची
60 मिनिटांचंच चाललंय तर केनी वॉशिंग्टनचं नाव अजून एकानेही का घेतलं नाही? त्याच 1939 चा सीझन, लॉस एंजेलिसचं यूसीएलए कॉलेज. 600 पैकी 580 मिनिटं मैदानात आणि टोटल ऑफेन्समध्ये देशात पहिला. सोबत जॅकी रॉबिन्सन, वुडी स्ट्रोड, रे बार्टलेट, चौघेही काळे. टीम 6-0-4, म्हणजे एकही हार नाही, तुमच्यापेक्षा बरी. शेवटची मॅच शहरातल्याच यूएससीशी, कोलिझियम स्टेडियममध्ये एक लाखावर माणसं, 0-0. शेवटी यूसीएलए अगदी गोललाइनपाशी पोचलं, फील्डगोल (किक मारून 3 पॉइंट) की पास यावर खेळाडूंनी घोळका करून मतं घेतली तर पाच-पाच. क्वार्टरबॅकने पास ठरवला आणि तो यूएससीने पाडला. यूएससी रोझ बोलला, म्हणजे सीझननंतरच्या मानाच्या मॅचला, गेलं आणि टेनेसीला 14-0 ने हरवून आलं. एक पास!

आणि वॉशिंग्टनला काय मिळालं? हाइझमनच्या मतांत पहिल्या तिघांत किनिक, हार्मन, क्रिस्टमन. ईस्ट-वेस्ट श्राइन गेमलाही, म्हणजे निवडक कॉलेज खेळाडूंच्या मॅचलाही, बोलावलं नाही. एनएफएलने, म्हणजे व्यावसायिक लीगने, 1934 पासून काळ्या खेळाडूंना दारच बंद केलेलं, ते 1946 ला उघडलं तोवर त्याचे गुडघे संपले होते. किनिक वाईट होता असं नाही म्हणत मी. पण 'त्या वर्षीचा सर्वोत्तम' म्हणताना निदान एकदा थांबा.

सीडररॅपिड्सकर
यात आयोवाला कशाला ओढता? 1937 ला आमचा कॅप्टन होमर हॅरिस होता, बिग टेनमधला पहिला काळा कॅप्टन. आपल्याकडे क्रिकेटमध्ये दलित बाळू पालवणकरांनी 1911 च्या इंग्लंड दौऱ्यात 114 विकेट काढल्या तरी हिंदू संघाचं कॅप्टनपद त्यांना शेवटपर्यंत दिलं नाही, धाकट्या विठ्ठलला मिळायला 1923 उजाडलं. तेव्हा आयोवाने जे केलं ते लहान नाही.

वेस्टवुडची
पालवणकरांचं अगदी खरं आणि त्याची लाज वाटायलाच हवी. पण आयोवाच्याच काळ्या खेळाडूला, ऑझी सिमन्सला, 1934 ला मिनेसोटाने मुद्दाम कसं तुडवलं तेही सांगा की. पुढच्या वर्षी वातावरण इतकं तापलं की दोन गव्हर्नरांना डुकराची पैज लावून ते निववावं लागलं. लोक आज त्या डुकराच्या ट्रॉफीसोबत फोटो काढतात, पण सिमन्स कोण ते विचारा, दहातल्या नऊ जणांना माहीत नसतं.

तटस्थ
मूळ मुद्दा राहिला बाजूला.

वेस्टवुडची
हाच मूळ मुद्दा आहे. कोणाचा सीझन लक्षात ठेवायचा हे कोण ठरवतं?

गुडघा_गेलेला_रेडर
बाईंशी सहमत. आणि वॉशिंग्टनचेही गुडघेच गेले, हे विसरू नका.

सीडररॅपिड्सकर
बरं, वॉशिंग्टनचं मान्य. तो पहिल्या तिघांत असायलाच हवा होता, दुसऱ्या कुठल्या कातडीचा असता तर असताच. किनिकचा हाइझमन मात्र मी काढू देणार नाही. आणि तटस्थ, पर्ड्यूच्या 4-0 चं उत्तर अजून आलेलं नाही.

तटस्थ
पर्ड्यूपुरतं 'एकट्याची टीम' मागे घेतो. शेड्यूलबद्दल एक शब्दही मागे घेत नाही. विस्कॉन्सिनला हरवायला 19-13 लागले, 1-6-1 वाल्यांना. त्याचं काय ते तुम्ही सांगा.