जपानमधलं छोटं रामेन दुकान: आत शिरण्यापासून वाटी परत ठेवेपर्यंत

आठ-दहा खुर्च्या, एकच काउंटर, पलीकडे रामेनची, म्हणजे गरम सूपातल्या शेवयांची, उकळती पातेली. अशा दुकानात नवखा माणूस दारातच गडबडतो. नेहमी खाणाऱ्यांनी तिकीट, ऑर्डर, शाकाहार आणि हमखास होणाऱ्या चुका यांबद्दल नेमकं लिहावं. 'चव अप्रतिम' एवढ्यावर भागवू नये.

खमंग
सुरुवात पदार्थाच्या तिकिटाच्या यंत्रापासून. आधी पैसे टाकायचे, मग बटण दाबायचं. काय घ्यावं कळत नसेल तर डावीकडचं सगळ्यात वरचं बटण: बहुतेक ठिकाणी दुकानाचा मुख्य पदार्थ तिथेच असतो. जुनी यंत्रं 1000 येनची नोट आणि नाणीच घेतात, 10,000ची नोट बाहेर फेकतात. जुलै 2024मध्ये नव्या नोटा आल्या, त्याही काही यंत्रांना अजून चालत नाहीत. म्हणून सुटे जवळ हवेत. शेवटी उरलेल्या पैशांची कळ दाबायला विसरू नका. एका वाटीला साधारण 800 ते 1200 येन धरा.

पोहेवाली
एक भर. रांग असेल तर आधी तिकीट काढून रांगेत उभं राहायचं की रांगेतून आत गेल्यावर काढायचं, हे दुकानागणिक बदलतं. दारावरचा कागद वाचा, नाहीतर पुढच्याला विचारा. सरळ आत घुसून तिकीट काढलं की मागचे लोक बोलत नाहीत, पण नजरेनं सोलून काढतात. चौघांना शेजारी-शेजारी जागा मिळेल हा आग्रह सोडा.

आमटीभात
फुकुओकाच्या हाकाता पद्धतीबद्दल लिहितो. डुकराची हाडं तासन् तास उकळून केलेला पांढरट सूप, त्यात बारीक, सरळ, कमी पाण्यात मळलेल्या शेवया. त्या सूप भराभर शोषतात, म्हणून किती शिजवायच्या ते तुम्हालाच विचारतात. 'यावा' म्हणजे मऊ, 'फुत्सू' नेहमीच्या, 'काता' कडक, 'बारिकाता' फारच कडक. पहिल्यांदा 'काता' सांगा. 'बारिकाता' ऐटीत मागवली तर मध्ये पिठाची कच्ची चव लागू शकते. मात्र उत्तरेकडच्या साप्पोरो शहराच्या जाड, पिवळ्या, वळणदार शेवयांना हे शब्द लावू नका, तिथे तो प्रकार सहसा नसतो.

इथल्या वाटीत शेवया मुद्दाम कमी असतात. भूक उरली तर 'काएदामा', म्हणजे नुसत्या शेवयांची दुसरी खेप, मागवायची. मागवायची वेळ: पहिल्या शेवया दोन-तीन घास उरल्या की. सूप मात्र संपवायचा नाही, नाहीतर दुसऱ्या शेवया कशात टाकणार? आणखी एक. उकळत्या पाण्यातून आलेल्या शेवयांमुळे सूप पातळ होतो. त्यासाठी काउंटरवर खारट मसाल्याची बाटली असते, तिच्यातलं अगदी थोडं घाला. लाल आलं आणि तिखट मोहरीची पानं दुसऱ्या फेरीला राखून ठेवा. पहिल्या घोटाआधीच ती घातली की सूपची मूळ चव कळतच नाही.

चकलीप्रेमी
तोक्योच्या 'जिरो' पद्धतीच्या दुकानात 'लहान' वाटीही अवाढव्य असते. साध्या दुकानात 130-150 ग्रॅम शेवया, इथे लहानातच 300च्या आसपास. वाढण्याआधी 'निन्निकु इरेमासुका?' विचारतात, म्हणजे लसूण घालू का. तेव्हाच भाजी, चरबी, खारटपणा जास्त हवा का ते सांगायचं. पहिल्यांदा काहीच वाढवू नका. अन्न टाकणं तिथे फार वाईट दिसतं.

वरणफळ
शाकाहाऱ्यांसाठी थोडं सविस्तर, कारण गफलत इथेच होते. 'शिओ' म्हणजे मिठाचं आणि 'मिसो' म्हणजे सोयाबीनचं, तर चालेल, असं वाटतं. पण ती नावं मसाल्याची आहेत. खालचा सूप हाडांचा किंवा सुक्या माशांचा, वरून कोंबडीची किंवा डुकराची चरबी, आणि मसाल्यातही मासळीचा अर्क. 'मांस नको' म्हटलं की फक्त वरचे तुकडे काढतात, बाकी सगळं तसंच राहतं. त्यामुळे साध्या दुकानात तडजोड करू नका. तोक्यो स्टेशनातलं 'टीज तानतान' पूर्ण वनस्पतीजन्य आहे. ते तिकिटाच्या फाटकाच्या आत आहे, म्हणजे प्रवासाचं किंवा फलाटाचं तिकीट लागतं. कांदा-लसूण वर्ज्य असेल तर तिथेही विचारूनच.

आमटीभात
वरणफळ ताईंशी शंभर टक्के सहमत. साप्पोरोचा मिसो तर चरबीत भाजीबरोबर परततात. त्या चरबीचा थर वर तरंगतो, वाफ दिसत नाही आणि खालचा सूप मात्र कढत असतो. पहिला घोट चमच्यात काढून फुंकून घ्या. शेवया चार-पाच धरून उचला आणि हवेसकट ओढा. आवाज होतो, तो तिथे रीतीतच आहे.

खमंग
संपल्यावर गप्पा नाहीत, दहा-पंधरा मिनिटांत उठायचं. सूप शेवटच्या थेंबापर्यंत प्यायची सक्ती नाही, मीठ बरंच असतं. वाटी आणि पेला समोरच्या उंच फळीवर ठेवा, पडलेलं फडक्यानं पुसा, 'गोचिसोसामा', म्हणजे जेवणाबद्दल आभार, म्हणा. टीप ठेवायची नाही. आणि पाटीवर रात्री नऊ लिहिलं असलं तरी सूप संपला की दुकान आधीच बंद होतं, तेव्हा उशिरा जाऊ नका.