मुक्तस्रोत सीएमएस निवडताना नेमके काय तपासावे?

प्रश्न

एका प्रशिक्षण संस्थेचे संकेतस्थळ नव्याने उभारायचे असून त्यासाठी वर्डप्रेस, ड्रुपल आणि जूमला या तीन मुक्तस्रोत सीएमएसचा (संकेतस्थळावरील मजकूर भरण्याच्या व सांभाळण्याच्या प्रणालींचा) विचार चालू आहे. मजकूर तीन भाषांत असेल, तो भरणारे सहकारी तांत्रिक पार्श्वभूमीचे नाहीत आणि देखभालीसाठी एकच अर्धवेळ डेव्हलपर उपलब्ध आहे. तुलनेचे जे तक्ते वाचले, त्यांत जवळजवळ प्रत्येक रकान्यात ‘उपलब्ध’ अशीच नोंद असल्याने खरा फरक कुठे आहे ते कळत नाही. प्लगिनची (वरून जोडायच्या सुविधांची) संख्या आणि लोकप्रियता हे निकष कितपत धरावेत, आणि प्रत्यक्ष चाचणी घ्यायची तर ती कशी घ्यावी, याविषयी अनुभवी सभासदांनी मार्गदर्शन करावे.

उत्तर १

तक्ते बाजूला ठेवा आणि आपल्या संकेतस्थळावरील सर्वांत किचकट पान निवडा. आपल्या बाबतीत ते बहुधा अभ्यासक्रमाचे असेल: सुरुवातीची तारीख, कालावधी, पात्रता, एकाहून अधिक प्रशिक्षक, जोडलेली पीडीएफ, आणि हे सगळे तीन भाषांत. हेच एक पान तिन्ही ठिकाणी बांधून पाहा. मुखपृष्ठ सगळीकडेच देखणे होते. त्यावरून काही ठरवू नये.

वर्डप्रेसच्या गाभ्यात, म्हणजे मूळ सॉफ्टवेअरमध्ये, स्वतंत्र पोस्ट-प्रकार (मजकुराचे वेगळे प्रकार, उदा. अभ्यासक्रम) नोंदवण्याची सोय आहे, पण तारीख, पात्रता अशा रकान्यांचे फॉर्म सहसा एखाद्या प्लगिनच्या आधाराने उभे केले जातात. ती माहिती डेटाबेसमधील ‘डब्ल्यूपी_पोस्टमेटा’ या टेबलमध्ये नाव आणि मूल्य अशा जोडीने साठते आणि मूल्याचा रकाना निव्वळ लांबलचक मजकुराचा असतो. त्यामुळे ‘पुढील महिन्यात सुरू होणारे, अमुक पात्रतेचे अभ्यासक्रम’ अशी यादी हवी असल्यास दर अटीमागे तेच टेबल पुन्हा जोडावे लागते. थोड्या नोंदी असताना हे जाणवत नाही, नोंदी वाढल्या की जाणवते. ड्रुपलमध्ये रकाने गाभ्यातच आहेत, आणि अशा याद्या तयार करणारे ‘व्ह्यूज’ हे मॉड्यूलही (ड्रुपलचा जोडभाग) आठव्या आवृत्तीपासून गाभ्यात आले आहे. जूमलाने 3.7 या आवृत्तीत, म्हणजे 2017 मध्ये, सानुकूल रकाने गाभ्यात आणले.

यावरून ड्रुपल श्रेष्ठ ठरते असे मात्र मी म्हणणार नाही. पान बांधून झाल्यावर मजकूर भरणाऱ्या एका सहकाऱ्याला समोर बसवा आणि काहीही न समजावता एक नवा अभ्यासक्रम नोंदवायला सांगा. आपण मागे उभे राहून केवळ पाहायचे. चित्र घालताना, तारीख बदलताना, प्रसिद्ध करण्याआधी मसुदा पाहताना हात कुठे अडतो, हे तिथेच कळते. माझ्या मते डेव्हलपरच्या मतापेक्षा या निरीक्षणाला अधिक वजन द्यावे, कारण पुढची अनेक वर्षे तो पडदा त्यांच्यासमोर असणार आहे.

उत्तर २

वरील सूचना योग्यच आहे. मात्र अर्धवेळ डेव्हलपर हा आपल्या प्रश्नातला सर्वांत महत्त्वाचा तपशील आहे असे मला वाटते.

प्रत्येक प्रकल्पाचे आवृत्त्यांचे आणि आधार-मुदतीचे (सुधारणा कधीपर्यंत मिळतील याचे) वेळापत्रक जाहीर असते, ते वाचल्याशिवाय निवड करू नये. ड्रुपल 7 ही आवृत्ती जानेवारी 2011 मध्ये आली आणि अनेकदा मुदतवाढ मिळून तिचा आधार 5 जानेवारी 2025 रोजी संपला. तिच्यानंतरची आठवी आवृत्ती सिम्फनी या पीएचपी फ्रेमवर्कच्या घटकांवर इतकी नव्याने रचलेली होती, की सातवरून आठवर जाणे हे अद्ययावतीकरण नव्हे तर सरळसरळ स्थलांतर होते: थीम (दर्शनी मांडणीचा साचा) नवी, मॉड्यूल नवी, मजकूर मात्र उचलून न्यायचा. आठनंतरचे टप्पे पुष्कळ सोपे झाले, तरी हा इतिहास माहीत असावा. उलट वर्डप्रेसने जुन्या आवृत्त्यांशी सुसंगतता कसोशीने जपली आहे आणि 2013 मधल्या 3.7 पासून किरकोळ व सुरक्षाविषयक सुधारणा आपोआप बसतात. एकट्या माणसावर देखभाल असताना ही सोय फार मोठी आहे.

सुरक्षेचा विचार ‘कोणते सुरक्षित’ असा न करता ‘दुरुस्ती आली की ती आपल्याकडे किती तासांत बसेल’ असा करावा. ऑक्टोबर 2014 मध्ये ड्रुपल 7 मधील एसक्यूएल इंजेक्शनची (बाहेरून डेटाबेसला परके आदेश देता येण्याची) त्रुटी जाहीर झाली. दुरुस्ती जेमतेम एका ओळीची होती. पण काही तासांतच स्वयंचलित हल्ले सुरू झाले आणि ज्यांनी सात तासांच्या आत ती बसवली नाही त्यांनी आपले संकेतस्थळ हॅक झाले आहे असेच समजावे, असे ड्रुपलच्या सुरक्षा पथकाने नंतर कळवले. अर्धवेळ डेव्हलपर त्या वेळी रजेवर असेल तर काय, याचे उत्तर आधीच ठरलेले हवे.

प्लगिनच्या संख्येला माझ्या लेखी फारसे महत्त्व नाही. वर्डप्रेसमधील बहुतेक त्रुटी गाभ्यात नव्हे तर प्लगिनमध्ये सापडतात. तेव्हा आपल्याला लागणारी पाच-सहा प्लगिन नावानिशी लिहून काढा आणि प्रत्येकाचे शेवटचे अद्ययावतीकरण, सांभाळणाऱ्यांची संख्या व अनुत्तरित तक्रारी पाहा. लोकप्रियतेचा उपयोग एवढाच, की डेव्हलपर सोडून गेला तर दुसरा लवकर मिळतो.

प्रश्नकर्ता

दोघांचेही आभार. अभ्यासक्रमाच्या पानाची चाचणी सुरू करतो आहे. भाषांच्या बाबतीत, आणि पुढेमागे ही प्रणाली सोडावी लागली तर मजकूर बाहेर काढण्याच्या बाबतीत, काय पाहावे?

उत्तर ३

ड्रुपलमध्ये आठव्या आवृत्तीपासून आणि जूमलामध्ये 1.6 पासून बहुभाषिकतेची सोय गाभ्यात आहे. वर्डप्रेसमध्ये ती प्लगिनवर सोपवलेली आहे. यात वाईट काही नाही, पण ते प्लगिन आपल्या संकेतस्थळाचा कणा बनते आणि नंतर बदलणे जिकिरीचे होते. चाचणीत एक भाषांतर मुद्दाम अपुरे ठेवा व त्या भाषेत पान उघडल्यावर वाचकाला काय दिसते ते तपासा.

भाषांपैकी एखादी लॅटिनेतर लिपीत असेल तर पानाच्या वेब-पत्त्याकडेही (यूआरएल) लक्ष द्या. वर्डप्रेस पोस्टच्या शीर्षकावरून केलेला पत्ता टक्केचिन्हांच्या सांकेतिक रूपात (जसे %E0%A4) साठवते आणि त्या रकान्याची मर्यादा 200 अक्षरांची आहे. देवनागरीतील एकेक चिन्ह, काना-मात्रा धरून, या रूपात नऊ अक्षरे घेते. म्हणजे बाविसाव्या चिन्हाच्या आसपास पत्ता तुटतो, तोही शब्दाच्या मध्येच. पत्ता हाताने लिहिण्याची शिस्त लावली की प्रश्न मिटतो.

बाहेर पडण्याची चाचणी आत्ताच घ्या. भरलेला मजकूर निर्यात करून दुसऱ्या कोऱ्या सर्व्हरवर आयात करा. वर्डप्रेसच्या निर्यात फाइलमध्ये चित्रे स्वतः नसतात, केवळ त्यांचे पत्ते असतात. आयात करताना ती जुन्या संकेतस्थळावरून ओढली जातात, म्हणून तोवर ते चालू असावे लागते. शॉर्टकोडवर (चौकटी कंसांत लिहिलेल्या आदेशांवर) चालणारे पेज-बिल्डर, म्हणजे पानांची मांडणी करणारे प्लगिन, बंद करून तेच पान पुन्हा उघडून पाहा. चौकटी कंसांतील कोडची रांग उरली, तर तो मजकूर तुमच्यापेक्षा प्लगिनचाच अधिक आहे. तिन्ही प्रणाली जीपीएल या मुक्त सॉफ्टवेअरच्या परवान्याखाली असल्याने कायदेशीर अडचण येत नाही. विकत घेतलेल्या थीम आणि प्लगिनच्या वार्षिक अटी मात्र वेगळ्या वाचाव्यात, कारण वर्गणी संपल्यावर ती चालू राहतात पण सुधारणा येणे थांबते, आणि वरच्या उत्तरात सांगितलेल्या सात तासांच्या हिशेबात तेच नेमके महागात पडते.