पावती कोणाच्या नावावर आहे? (घरगुती कायद्याचे अनुभव)

ठाकुरद्वारची
परवा मेट्रोने गिरगावात उतरले. आमच्या वाडीला चारी बाजूंनी पत्रे लागलेत आणि आत खोदकाम सुरू आहे. बघितल्यावर पोटात कालवलं आणि 2003 आठवलं.

खोली पागडीची, म्हणजे आधी रक्कम मोजून कायमची भाड्याने घेतलेली, आणि भाड्याची पावती आजोबांच्या नावावर. आजोबा गेले त्याच वर्षी. तेरावं झालं आणि डोंबिवलीचे काका म्हणाले, तिघा भावांचा सारखा हिस्सा. मालकाला आयतं निमित्त मिळालं, "आधी तुमचं तुम्ही ठरवा, मग पावती बदलतो." बाबा जन्मभर त्याच खोलीत, आजोबांची औषधं-पाणी सगळं आईने केलेलं. शेवटी धोबीतलावच्या लघुवाद न्यायालयात गेलो. तिथे कळलं की भाड्याच्या घराचं गणित मालकीच्या घरासारखं नसतं. भाडेकरू वारला तेव्हा घरातलं जे माणूस त्याच्यासोबत राहत होतं, हक्क त्याच्याकडे जातो. असे एकाहून जास्त असले आणि त्यांचं जमलं नाही, तर कोर्ट ठरवतं. काका वीस-बावीस वर्षं डोंबिवलीत! आमच्या बाजूने रेशनकार्ड, मतदार यादी आणि बेस्टची बिलं उभी राहिली. आईने सगळी बिलं तारेला टोचून ठेवली होती, आम्ही हसायचो तिला.

पावती बाबांच्या नावावर झाली. काका त्यानंतर गणपतीला आले नाहीत. तुमच्याकडचे असे किस्से लिहा. वकिलांचे, सोसायटीचे, धंद्याचे, काहीही.

लालबागवाला
आमचा मालक तर भाडंच घेईना. घेतलं नाही की पावती नाही, मग बोंबलणार की हे थकबाकीदार. वडील दर महिन्याला मनीऑर्डर करायचे. ती परत यायची. परत आलेल्या पावत्यांची फाईल झाली आणि कोर्टात तीच कामाला आली.

मुलुंडकर
आमच्याकडे नॉमिनी प्रकरण. बाबांनी सोसायटीत दादाचं नाव लावलेलं, तो थोरला म्हणून, बाकी काही मनात नव्हतं. सेक्रेटरी ताईला म्हणाले, "नॉमिनी म्हणजे मालक, तुमचा प्रश्नच येत नाही." ताई शाळेत शिक्षिका आहे. तिने सेक्रेटरींचाच वर्ग घेतला. 2019 ला सहकार कायद्यात बदल झाला, त्यात स्पष्ट आहे: वारस ठरेपर्यंत नॉमिनी हा तात्पुरता सभासद. कंपन्यांच्या शेअर्सबद्दलही सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2023 मध्ये तेच सांगितलं, की नॉमिनी मालक होत नाही. आमचा दादा सरळ म्हणून निभावलं.

पार्लेकर_मावशी
मुलुंड पूर्व का पश्चिम? माझी नणंद पूर्वेला आहे.

मुलुंडकर
पूर्व. स्टेशनजवळच.

पार्लेकर_मावशी
अय्या, मग ओळखत असाल. असो. बक्षीसपत्राचं लिहिते. राहतं घर मुलाला, मुलीला, नवऱ्या-बायकोला किंवा नातवंडांना बक्षीस द्यायचं तर महाराष्ट्रात मुद्रांक 200 रुपये. त्यावर अधिभार वगैरे काय लागेल ते नोंदणी कार्यालयात आधी विचारा. पण स्वस्त आहे म्हणून उठून देऊ नका!! आमच्या इमारतीतल्या आजींनी फ्लॅट मुलाच्या नावावर केला आणि सहा महिन्यांत त्यांची कॉट हॉलमधून गॅलरीत. 2007 च्या ज्येष्ठ नागरिकांच्या कायद्यात असं बक्षीसपत्र रद्द करून मिळू शकतं, पण 'सांभाळ करीन' ही अट कागदात लिहिलेली असली तर बाजू भक्कम. माझं मत विचाराल तर मृत्युपत्र करा, हयातीत घर हातचं सोडू नका.

चिमणी
मृत्युपत्राचा विषय काढला की आमच्या सासूबाई विचारतात, "मला पोचवायची घाई झालीय का?"
😂

पार्लेकर_मावशी
सगळ्यांकडे तेच गं. तू आधी स्वतःचं कर आणि त्यांच्यासमोर सही कर. दोन साक्षीदार लागतात, ज्यांना त्यातलं काही मिळणार नाही असे घे. स्टँप पेपर लागत नाही, नोंदणीही सक्तीची नाही. पण केलेली बरी.

छापखाना
धंद्याचं लिहितो. दिवाळीआधी कॅलेंडरं छापून घेतात आणि चेक होळीला परत येतो. शेठ म्हणणार "परत टाका, यावेळी नक्की." टाका हवं तर, पण चेक तीन महिनेच चालतो आणि या टाकाटाकीत तारखा निघून जातात. चेक परत आल्याचा बँकेचा मेमो हातात आला की 30 दिवसांत लेखी नोटीस गेली पाहिजे. नोटीस मिळाल्यापासून त्याला 15 दिवस पैसे द्यायला. नाही दिले तर पुढच्या महिन्याभरात कोर्टात तक्रार, कलम 138. ही साखळी तुटली की शेठ राजा. माझ्या अनुभवात बरेचसे शेठ नोटीस मिळाल्यावर चौदाव्या दिवशी फोन करतात, आवाजही मऊ झालेला असतो.

आणि छोट्या धंदेवाल्यांनो, उद्यम नोंदणी (लघुउद्योगांची सरकारी नोंदणी) करून ठेवा. करारात मुदत काहीही लिहिलेली असो, 45 दिवसांच्या वर पैसे थकवले की व्याज लागतं, तेही बँक दराच्या तिप्पट. हे बिलावरच छापतो मी. छापखाना आपलाच!

लालबागवाला
@छापखाना मंडळाच्या अहवालाचा दर काय हो सध्या?

छापखाना
पानं किती त्यावर. व्यनि करा.

बोरिवली_लोकल
आमचा घरमालक म्हणे 11 महिन्यांचा करार आहे, नोटरी पुरे. महाराष्ट्रात पुरत नाही. लिव्ह अँड लायसन्स, म्हणजे ठरावीक मुदतीचा भाडेकरार, कितीही महिन्यांचा असो, नोंदणी करायचीच, आणि ती जबाबदारी मालकाची. नोंदणी नसेल आणि वाद झाला तर अटींबद्दल भाडेकरू जे सांगेल ते धरून चालतात. हे वाचून दाखवल्यावर मालक दुसऱ्याच दिवशी ऑनलाइन अंगठ्याचं मशीन घेऊन माणूस घरी पाठवता झाला.
सोसायटीवाले भाडेकरू ठेवला म्हणून मालकाकडून मन मानेल तेवढे पैसे मागतात, तेही चुकीचं. सेवा शुल्काच्या 10 टक्क्यांवर घेता येत नाहीत.

चिमणी
आमची सोसायटी कुत्र्याचे पण वेगळे मागते. लिफ्ट वापरतो म्हणून 😡

ठाकुरद्वारची
@चिमणी सर्वसाधारण सभेच्या इतिवृत्ताची प्रत माग लेखी. तोंडी भांडू नकोस.

कणकवली_ते_कांदिवली
उशिरा आलो. गावच्या सातबाऱ्यावर अजून पणजोबा आहेत, खाली बावीस नावं. आत्याचं नाव नाही. चुलते म्हणतात ती दिल्या घरची. मुलींना 2005 पासून वडिलोपार्जितात मुलाइतकाच हक्क आणि 2020 ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की त्या तारखेला वडील हयात असण्याची गरज नाही. आत्याला जमीन नकोच आहे, दोन कलमं आंब्याची हवीत. वारस नोंदीचा अर्ज तलाठ्याकडे देताना प्रतिज्ञापत्राला स्टँप पेपर लागतो का? एजंट 500 चा आणा म्हणतो.

पार्लेकर_मावशी
सरकारी कार्यालयात द्यायच्या प्रतिज्ञापत्राला मुद्रांक शुल्क माफ आहे, 2004 पासून. साध्या कागदावर करा. आणि एजंट कशाला, मे महिन्यात जाणारच ना गावी?

कणकवली_ते_कांदिवली
तिकीट मिळालं तर. कोकणकन्या वेटिंगवर आहे.