जखमी हवालदारांसाठी गोळा झालेले पैसे: खातं, पावत्या, हिशेब... सल्ला हवा आहे

ओढाकाठ

नमस्कार मंडळी. जरा घाईत विचारतोय, कारण काम हातात घेतलं आणि नीट विचार मागाहून सुरू झाला.

आमच्या तालुक्याच्या गावी बारा दिवसांपूर्वी रात्रीच्या नाकाबंदीत एका हवालदारांना डंपरने उडवलं. उजवा पाय दोन ठिकाणी मोडलाय, कमरेलाही मार आहे. जिल्ह्याच्या ठिकाणी खासगी रुग्णालयात आहेत. एक ऑपरेशन झालं, दुसरं व्हायचंय. पूर आला तेव्हा याच माणसाने आमच्या गल्लीतल्या दोन म्हाताऱ्यांना पाठुंगळी घेऊन बाहेर काढलं होतं. त्यामुळे बातमी कळली त्याच रात्री व्हॉट्सअॅपवर आवाहन फिरलं आणि खाली माझ्या दुकानाचा क्यूआर कोड जोडला गेला. मला विचारूनच जोडला होता, मी हो म्हणालो होतो.

आज माझ्या बचत खात्यात त्यातले ₹३,४६,२०० आहेत. शिवाय रोख ₹५८,३५०, दुकानातल्या बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात. भाजीवाल्या मावशींनी दहा-दहाची नाणी रुमालात बांधून आणून दिली, ती अजून तशीच रुमालात आहेत. पावत्या कुणालाच दिल्या नाहीत. एका वहीत नावं आहेत, तीही तिघांच्या अक्षरात. वहीची बेरीज ₹५९,१५० येते, म्हणजे डब्यात ₹८०० कमी आहेत. तीनदा मोजलं.

काल ग्रुपवर एकाने विचारलं, "हिशेब कधी?" रास्त प्रश्न आहे. पण त्याहून मोठा प्रश्न वहिनींनी, म्हणजे हवालदारांच्या पत्नींनी, विचारला. पैसे द्यायला गेलो तर म्हणाल्या, "दादा, दवाखान्याचं पोलिसांच्या योजनेतून होतंय असं साहेब म्हणाले. मग हे कशाचे म्हणून घेऊ?" मला उत्तर देता आलं नाही. पैसे घेऊन परत आलो.

आता काय करू? अनुभव असलेल्यांनी कृपया सविस्तर सांगा.

मृदगंध

केंद्र सरकारचं 'भारत के वीर' पोर्टल आहे ना? तिकडे वळवा सगळे पैसे, म्हणजे तुमच्या डोक्याला ताप नाही.

खतावणी

मृदगंध, ते इथे लागू नाही. 'भारत के वीर' २०१७ साली सुरू झालं ते केंद्रीय सशस्त्र पोलीस दलांच्या शहीद जवानांच्या कुटुंबांसाठी. राज्य पोलिसातल्या जखमी हवालदारांसाठी नाही. पण त्यातली एक गोष्ट जरूर उचलावी. तिथे एका कुटुंबासाठी ₹१५ लाखांची मर्यादा आहे. म्हणजे 'किती झाले की थांबायचं' हे आधी ठरलेलं आहे. गावोगावच्या वर्गण्यांमध्ये नेमकं हेच ठरलेलं नसतं.

ओढाकाठ दादा, मी हिशेब तपासनिसाचं काम करते, म्हणून हातातलं आधी सांगते.

आजच्या आज जमा करणं थांबवा. ज्या ज्या ग्रुपवर आवाहन गेलं तिथे सगळीकडे लिहा: अमुक वाजल्यापासून पैसे घेणं बंद, आत्तापर्यंत इतके जमा, सविस्तर हिशेब अमुक तारखेला. दुकानाचाच क्यूआर असल्यामुळे तुमच्या विक्रीचे पैसे आणि मदतीचे पैसे एकाच खात्यात मिसळताहेत, त्यामुळे हे फार तातडीचं आहे. शिवाय असली पोस्टर फिरता फिरता कुणी खालचा कोड बदलून स्वतःचा चिकटवतो. आवाहन बंद झाल्याचं जाहीर असेल तर निदान लोक सावध राहतात.

उद्या तिघांच्या नावे नवीन संयुक्त खातं उघडा, कोणत्याही दोघांच्या सहीने चालणारं. तिघांतला एक जण तुमच्या नात्यातला किंवा धंद्यातला नको. रोख सगळी त्यात भरा. डब्यातून परस्पर एक रुपयाही खर्चू नका, अगदी रुग्णालयात जायच्या पेट्रोललासुद्धा नाही.

आणि ते ₹८००. माझं कळकळीचं सांगणं आहे, खिशातून भरू नका. तुम्ही भले माणूस दिसता, तुम्हाला तोच मोह होईल. पण एकदा तूट गुपचूप भरली की पुढचा प्रत्येक आकडा 'जुळवलेला' होतो. हिशेबात सरळ ओळ टाका: वहीप्रमाणे ₹५९,१५०, प्रत्यक्ष ₹५८,३५०, तूट ₹८००.

आयकराचंही लक्षात घ्या. नात्याबाहेरच्या लोकांकडून वर्षभरात ₹५०,००० पेक्षा जास्त रक्कम फुकट मिळाली की ती घेणाऱ्याचं उत्पन्न धरली जाऊ शकते. तुमच्या खात्यात आलेले पैसे तुमचे नाहीत हे दाखवणारा कागद तुमच्याकडे पाहिजे: आवाहनाचा मजकूर, तारखा, देणाऱ्यांची यादी, पुढे कुठे गेले त्याची बँकेची नोंद. रक्कम मोठी आहे, सीएला दाखवाच. वैद्यकीय मदत करणारा एखादा नोंदणीकृत ट्रस्ट त्यांच्यामार्फत पैसे द्यायला तयार असेल तर बघा, घेणाऱ्याच्या दृष्टीने तो रस्ता जास्त सुरक्षित आहे. कुणी '८०जी'ची, म्हणजे देणगीवरच्या आयकर सवलतीची, पावती मागितली तर नाही म्हणून सांगा. व्यक्तीला केलेल्या मदतीवर ती सवलत नसते.

आणखी एक, महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम ४१ क खाली लोकांकडून धर्मादाय कामासाठी वर्गणी गोळा करण्यावर नियंत्रण आहे. गणेश मंडळं परवानगी काढतात ती याच कलमाखाली. 'एकाच माणसासाठी आहे, आम्हाला काय लागतंय' असं धरून चालू नका. जिल्ह्याच्या सहायक धर्मादाय आयुक्त कार्यालयात झालेला प्रकार लेखी कळवून मार्गदर्शन मागा आणि पोचपावती जपून ठेवा.

जुना_अंमलदार

बत्तीस वर्षं पोलीस खात्यात काढली, त्यातली चार वेल्फेअरला, म्हणजे कल्याण शाखेत. खतावणीताईंनी पैशाची बाजू सांगितली, मी खात्याची सांगतो.

वहिनींनी जे विचारलं ते अगदी बरोबर आहे. महाराष्ट्र पोलीस कुटुंब आरोग्य योजनेत यादीतल्या रुग्णालयात कॅशलेस उपचार होतात. रुग्णालय यादीत नसेल तर वैद्यकीय खर्चाच्या प्रतिपूर्तीसाठी, म्हणजे आधी भरलेले पैसे परत मिळण्यासाठी, प्रस्ताव करावा लागतो. त्यात वेळ जातो, कागद लागतात. कर्तव्यावर असताना दुखापत झाली आहे, तेव्हा विशेष विकलांगता रजेची तरतूद आहे. पोलीस कल्याण निधी आहे. पगाराचं खातं ज्या बँकेत आहे तिथे बहुतेक वेळा अपघात विमा जोडलेला असतो. त्यात कायमच्या अपंगत्वाला काय मिळतं ते करारात बघून घ्या. लोक फक्त मृत्यूची रक्कम वाचतात. वाहनाची धडक आहे म्हणजे मोटार अपघात दावा प्राधिकरणाकडेही अर्ज करता येतो, आणि कायद्यातली मुदत अपघातापासून सहा महिन्यांची आहे. घरचे रुग्णालयाच्या धावपळीत असतात, महिने कसे जातात कळत नाही. वर्गणीपेक्षा ही यादी घेऊन त्यांच्याबरोबर एसपी ऑफिसच्या वेल्फेअर शाखेत जाऊन बसलात तर जास्त मोठी मदत होईल.

दुसरं नाजूक आहे. महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ प्रमाणे सरकारी कर्मचाऱ्याला पूर्वपरवानगीशिवाय वर्गणी मागता येत नाही आणि गोळा करण्यात भागही घेता येत नाही. भेट स्वीकारण्यावरही बंधनं आहेत, घरच्यांनी घेतली तरी. तेव्हा वहीत किंवा ग्रुपवर पैसे गोळा करणारा कुणी ठाण्यातला अंमलदार असेल तर त्याला आधी बाजूला करा. मनात वाईट काही नसतं, जोडीदारासाठी जीव तुटत असतो, पण गणवेशातल्या माणसाने दुकानात येऊन मदत मागितली तर दुकानदार मनापासून देतोय की भीतीने, हे कसं ओळखणार? हवालदारांच्या वतीने वरिष्ठांकडे लेखी अर्ज जाऊ द्या: नागरिकांनी अशी अशी रक्कम जमवली आहे, स्वीकारायला परवानगी मिळावी.

आणि तिसरं. यादी नीट वाचा. पैसे कुणाकुणाचे आहेत?

ओढाकाठ

काका, तुमचा शेवटचा प्रश्न वाचून यादी परत काढली. ₹५१,००० एकाच माणसाचे आहेत. त्याचे वाळूचे डंपर चालतात. धडक दिलेला डंपर त्याचा नाही असं तो सांगतो. मी तेव्हा लक्षच दिलं नव्हतं, उलट मोठी रक्कम आली म्हणून ग्रुपवर त्याचे आभार मानले होते.

जुना_अंमलदार

परत करा. डंपर त्याचा असो वा नसो. नाकाबंदी ज्या गाड्यांसाठी लागते त्या गाड्यांच्या मालकाच्या पैशावर त्या नाकाबंदीतल्या हवालदाराचा उपचार, हे उद्या कोर्टात साक्षीच्या वेळी कुणीतरी काढेल. ते बोलणं हवालदाराला ऐकून घ्यावं लागेल, तुम्हाला नाही. बँकेतूनच परत पाठवा आणि हिशेबात जमा आणि परत दोन्ही नोंदी दाखवा.

माळरान

मी मुद्दाम लॉगिन करून लिहितेय. आमच्याकडे काही वर्षांपूर्वी दंगलीत भाजलेल्या एका महिला शिपायासाठी आम्ही मैत्रिणींनी पैसे जमवले होते. हिशेब चोख होता. रुग्णालयाचं ₹१,९०,००० चं बिल आम्ही थेट भरलं, पावती ग्रुपवर टाकली, लोकांनी हात जोडले, विषय संपला.

सात महिन्यांनी त्याच बिलाची प्रतिपूर्ती खात्याकडून मंजूर झाली. तिच्या खात्यात पैसे आले. तिने ते मुलीच्या नावाने ठेवीत टाकले. मला विचाराल तर त्यात तिचं काहीच चुकलं नाही, कारण परत द्या असं आम्ही कधी म्हटलंच नव्हतं. पण कुठूनतरी फुटलं, आणि 'एका बिलाचे दोनदा पैसे घेतले' असं गावभर झालं. भाजलेल्या हाताने ती बाई आमच्या घरी ठेवीची पावती घेऊन आली आणि म्हणाली, मोडून देते. मी तो हात बघत बसले. कातडी अजून गुलाबी होती आणि पावती नीट धरताही येत नव्हती तिला.

आम्ही घेतली नाही. पण ती नंतर आमच्या कुठल्या कार्यक्रमाला आली नाही.

म्हणून दादा, खर्च करायच्या आधी एका कागदावर लिहा. सरकारी योजनेतून किंवा विम्यातून जे मिळणार आहे त्याला हे पैसे लावायचे नाहीत. अडचण म्हणून आत्ता भरावे लागलेच, तर प्रतिपूर्ती आल्यावर रक्कम संयुक्त खात्यात परत येईल की कुटुंबाकडे राहील, ते आत्ताच ठरवा. 'कुटुंबाकडे राहील' असं ठरवलंत तरी चालेल, पण देणाऱ्यांना आधी माहीत पाहिजे. उरलेल्याचं काय तेही त्याच कागदावर. त्यावर वहिनींची सही घ्या, म्हणजे त्यांच्या संमतीने झालं असं राहील. आणि मूळ बिलं घरच्यांकडेच राहू द्या, प्रस्तावाला मूळच लागतात. तुम्ही फक्त झेरॉक्स ठेवा.

साळुंकी

देणाऱ्यांची नावं जाहीर करावीत का? आमच्या मंडळात फळ्यावर लिहितात.

खतावणी

मी करणार नाही. आता वहीवरून सगळ्यांच्या पावत्या करा, मग पावती क्रमांक आणि रक्कम जाहीर करा, नावांची यादी तिघा खातेदारांकडे. ज्याला बघायचंय त्याने येऊन स्वतःची नोंद बघावी. दहा रुपये देणाऱ्या मावशींना पाच हजारवाल्याच्या खाली का उभं करायचं? रुग्णालयाचे कागद तर मुळीच टाकू नका. आजाराचं निदान, आधार क्रमांक, एक्स-रे, काही नाही. खर्चाची ओळ, तारीख, रक्कम आणि 'बिल बघायला मिळेल' एवढं पुरे.

ओढाकाठ

तीन आठवड्यांनी लिहितोय, उशीर झाला.

जमा करणं त्याच दिवशी बंद केलं. संयुक्त खातं झालं: मी, शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका आणि औषधाच्या दुकानाचे मालक. ₹५१,००० परत पाठवले. तो माणूस रागावला, माझ्या दुकानात यायचा बंद झाला. तूट वजा जाता आता ₹३,५३,५५० आहेत. धर्मादाय कार्यालयात पत्र देऊन पोच घेतली. पोलीस खात्याकडे अर्ज गेला आणि लेखी परवानगी येईपर्यंत आम्ही बँकेतल्या पैशांना हात लावला नाही. ते दिवस फार अवघड गेले. ग्रुपवर रोज कुणीतरी विचारायचं, 'दिले का?'

परवानगी आली त्या संध्याकाळी मी आणि मुख्याध्यापिका बाई वहिनींकडे कागद घेऊन बसलो. दोन्ही ऑपरेशनं योजनेत बसली आहेत. मग ज्याला कुणी पैसे देत नाही ते वहिनींनी सांगितलं आणि बाईंनी लिहून घेतलं: सासूबाईंना रुग्णालयाजवळ राहायला घेतलेली खोली, वॉकर, कमोडची खुर्ची, घरी येणारा फिजिओ सहा महिने, आणि घराच्या तीन पायऱ्यांवर सिमेंटचा उतार. हवालदार दादांनी पलंगावरूनच सांगितलं, उतार कायमचा नको, फळ्यांचा करा, मी चालणार आहे. बाईंनी 'सिमेंट' खोडून 'फळ्या' लिहिलं.

जे उरेल ते याच तालुक्यातल्या पुढच्या जखमी पोलिसासाठी किंवा होमगार्डसाठी त्याच खात्यात राहील, हेही लिहिलं आहे. खालच्या सहीत वहिनींनी स्वतःहून एक ओळ घातली, 'प्रतिपूर्ती आल्यास कळवीन.'

हिशेबाचा कागद दुकानाबाहेर लावलाय. ₹८०० पैकी ₹५०० सापडले. एकच नाव दोन अक्षरांत दोनदा लिहिलं गेलं होतं. उरलेले ₹३०० सापडले नाहीत. तूट म्हणून तशीच लिहिली आहे. काल भाजीवाल्या मावशी कागदासमोर उभ्या होत्या. त्यांना वाचता येत नाही, मी त्यांचा पावती क्रमांक दाखवला. त्यांनी त्यावर बोट ठेवलं आणि विचारलं, "आणि हे तीनशे?" म्हटलं, मावशी, ते हरवले. म्हणाल्या, "बरं, लिहिलंस ना." आणि टोपली उचलून गेल्या.

दुसरं ऑपरेशन गुरुवारी आहे.