मदत हवी आहे: विश्वाचं वय, चार्टवर कुठला आकडा लिहू?

भाचीचा आठवीचा प्रोजेक्ट आहे, विश्वाचं वय, विज्ञान आणि पुराणं असं शेजारी शेजारी दाखवायचंय. विज्ञानाचं जमलं, बिग बँगपासून साधारण 1380 कोटी वर्षं, पृथ्वी 454 कोटी. 1 मिलिमीटरला 1 कोटी धरलं की 138 सेंटिमीटरची पट्टी होते, चार्ट जोडून बसते.

घोळ पुढं आहे. आजोबा म्हणतात पूजेच्या संकल्पात रोज श्वेतवाराह कल्प म्हणतोय की, तो धर. कल्प म्हणजे पुराणातलं कालमाप, एक कल्प 432 कोटी वर्षांचा, सध्या चालू असलेल्या या श्वेतवाराहातली सुमारे 197 कोटी झाली. पण कल्प म्हणजे ब्रह्मदेवाचा फक्त एक दिवस, रात्र तेवढीच वेगळी, त्याची अशी 50 वर्षं सरलीत असं धरलं तर 155 लाख कोटी होतात, म्हणजे त्याच मापानं पट्टी साडेपंधरा किलोमीटर, जोतिबाच्या वाटेलाच लागायचं 😄

कोण बरोबर हा वाद नकोय, आजोबांना दुखवायचं नाही आणि शनिवारी चार्ट द्यायचाय. पंचांग बघितलं, त्यात चालू कल्पाच्या सरलेल्या वर्षांचे आकडे आहेत, पण ते पृथ्वीचे का विश्वाचे ते कळंना. मग 1380 कोटींच्या समोर 197 कोटी लिहू का 155 लाख कोटी?