अनुभव धागा: पाटणादेवी, गौताळा, लळिंग कुरणातली रानफुलं

गिरणाकाठ
आज बाजारात कुर्डू या रानभाजीची जुडी दिसली आणि चाळीसगावजवळचा पाटणादेवीचा डोंगर आठवला. तो ज्यात येतो ते गौताळा-औट्रमघाट अभयारण्य १९८६ चं, २६० चौ.किमी. लोक देवीचं दर्शन, केदारकुंड धबधबा करून परततात, फुलं पायाखालीच राहतात. कास पठारासारखा फुलांचा गालिचा इथे शोधू नका. मुरमाड उतारावर मातीचा थर वीतभरही नाही, खाली काळा पाषाण. उघडीप मिळाली की ओल लगेच उडते, म्हणून रोपं बुटकी आणि बहर थोडक्या दिवसांचा. तारीख धरू नका, चांगला पाऊस होऊन दोन-तीन आठवडे झाले की निघा. बहुधा ऑगस्टअखेर ते सप्टेंबर. माहीतगारांनी भर घाला.

पांझरावासी
फुलं बघायला सकाळी ८ ते ११. केन्याचं फूल दुपारपर्यंत मिटतं. विष्णुक्रांता नखाएवढी निळी, गुडघे टेकल्याशिवाय दिसणार नाही.

रानवाट
कळलावी कुंपणाच्या काटेरी झुडपांत शोधा. पानाचं टोकच तणाव्यासारखं वळून आधार धरतं. पाकळ्या उलट्या, वर वळलेल्या. आधी हिरवट-पिवळ्या, मग पिवळ्या-लाल, शेवटी पूर्ण लाल. एकाच वेलावर तिन्ही रंग मिळतात, फोटोला तोच वेल निवडा. लहान मुलं सोबत असतील तर हात लावू देऊ नका, सगळी वनस्पती विषारी, कंद तर फारच.

खान्देशी भाऊ
पाणी जास्त लई जा भो. डोंगरवर दुकान नही शे.

तापीतीर
कुसळी गवताचं कुणी लिहिलंच नाही! ऑक्टोबरमध्ये ते पिकतं. कुसळ ओलं-कोरडं होताना पीळ घेतं-सोडतं, त्यामुळे बी स्क्रूसारखं मोज्यातून आत शिरतं. लोकरी मोजे नकोत, गुळगुळीत कापडाची पँट बुटांवरून खाली सोडा.

दुसरं, काळ्या मातीच्या गाडरस्त्यावर दुचाकी घालू नका. चिखल मडगार्डमध्ये भरून चाक जाम होतं, जोर लावला तर क्लचप्लेट जळते. मुरमावर गाडी लावा, पायी जा.

रानवाट
@तापीतीर, अगदी. घाटाचंही पाहा. ३१ ऑगस्ट २०२१ ला कन्नड घाटात दरडी कोसळल्या, चाळीसगावात पूर आला. रात्रभर पाऊस कोसळला असेल तर बेत पुढे ढकला.

पांझरावासी
धुळेकरांना लळिंग कुरण जवळ. तिथे तरवड, रानतीळ, तेरडा. ३१ जुलैला तिथल्या लांडोर बंगल्यावर बाबासाहेबांच्या मुक्कामाच्या स्मरणार्थ मोठी गर्दी असते, फुलांसाठी दुसरा दिवस धरा.

अन्नपूर्णा_जळगाव
कुर्डूची भाजी कशी करतात? जुडी आणली आहे.

गिरणाकाठ
तुरा आलेली काडी काढून टाका, पान जून असतं. कोवळी पानं दोन-तीनदा धुवा, माती फार. लसूण, हिरवी मिरची परतून पानं घाला, झाकण नको, शेवटी दाण्याचा कूट. खुडायची ती बांधावरची, अभयारण्यातली नाही.

अन्नपूर्णा_जळगाव
कळण्याची (ज्वारी-उडदाची) भाकरी टाकतेच सोबत 🙏